आपांची झाकलेली ताटली

“वापरा, नाहीतर खलास!”

असं म्हणून आपा दोन्ही तळहात एकमेकांवर घासून झटकायच्या, भाकऱ्या थापून झाल्यावर हाताचं पीठ झटकतात तसे. ज्याच्याशी बोलणं चाललेलं असे तो माणूस फोनच्या पलीकडे, थेट अमेरिकेत. त्याला हे हात दिसणं शक्यच नव्हतं. तरी आपा झटकायच्याच. हेडफोन लावून बसलेल्या माणसाने एवढे हातवारे करू नयेत, असं आमच्या मॅनेजरसाहेबांनी एकदा सुचवून पाहिलं. “सर, हात बांधले तर माझं इंग्लिश बंद पडतं,” असं उत्तर मिळालं. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

तुमच्यापैकी जे इकडे दुबईकडे राहिले आहेत त्यांनी अशी एखादी आपा नक्की पाहिली असेल. मूळच्या रत्नागिरीकडच्या, खाडीकाठच्या गावातल्या. नवरा इकडे नोकरीला म्हणून लग्नानंतर आलेल्या, आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर स्वतःही नोकरीला लागलेल्या. डोक्याला नीट पिन लावलेला स्कार्फ, पर्समध्ये वेलची, आणि एकाच वाक्यात मराठी, हिंदी, इंग्रजी आणि अरबी. ऑफिसात त्यांना नावाने कोणीच हाक मारत नसे. मल्याळी मॅनेजर, फिलिपिनो रिसेप्शनिस्ट, पठाण ड्रायव्हर, सगळ्यांच्या त्या आपाच. मीही नाव सांगणार नाही, कारण सांगितलं तर त्या फोन करून मला झापतील.

मी नाशिकचा, आणि माझं टेबल त्यांच्या शेजारी. दुबईतल्या ऊद मेथा भागात, शाळेच्या बसेसनी रस्ता अडलेला असतो त्याच बाजूला आमचं ऑफिस. बहुतेक लोक इथल्या मेडिकल इन्शुरन्सचं काम करायचे. कोपऱ्यातली दोन टेबलं तेवढी अमेरिकेची, म्हणजे आपांचं आणि माझं. तिकडे सकाळ झाली की इकडे आमची संध्याकाळची पाळी सुरू व्हायची.

काम काय होतं ते सांगतो, घाबरू नका, थोडक्यात सांगतो. अमेरिकेत पगारातून कर कापतात. पण कर कापायच्या आधी थोडी रक्कम आपल्या औषधपाण्यासाठी बाजूला काढायची सोय तिकडे आहे. फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट म्हणतात त्याला. बाजूला काढलेल्या रकमेवर नोकरदाराला कर पडत नाही, आणि मालकालाही त्या रकमेवरचा त्याच्या वाट्याचा कर वाचतो. त्यातून डॉक्टर, दात, चष्मा, औषधं असा खर्च करायचा. मेख एकच. वर्ष संपेपर्यंत जे वापरलं नाही ते गेलं. लोकांना हे समजावून सांगायचं आणि त्यांची बिलं तपासायची, हे आमचं काम.

गंमत अशी की कर कसा वाचवावा हे जगाला शिकवणाऱ्या आपांनी जन्मात कधी इन्कम टॅक्स भरला नव्हता. इथे पगारावर करच नाही. जेवढे दिरहम ठरले तेवढे हातात. पहिल्यांदा अमेरिकन पगाराची स्लिप बघितली तेव्हा त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्याच. “एवढं कापतात? आणि हे लोक गप बसतात?” दर रमजानला गरिबांसाठी न चुकता जकात काढणाऱ्या आपा मला गंभीरपणे म्हणाल्या, “अरे, जकात तर ह्यांना द्यायला पाहिजे!”

हे खातं मी लोकांना समजावायला लागलो की पलीकडून जांभया ऐकू यायच्या. आपा समजावायच्या तेव्हा लोक हसायचे. त्यांचं फोनवरचं इंग्रजी मी इथे मराठीत देतो, हातवारे तुम्ही घाला.

“हे बघा, घरी जेवण झालंय आणि पाहुणा आलाय. पाहुणा म्हणजे सरकार. चांगला आहे, पण टेबलावर दिसेल त्यातला हिस्सा उचलतो. मग शहाणी बाई काय करते? पाहुणा बसायच्या आधीच पोरांसाठी एक ताटली वाढून किचनमध्ये झाकून ठेवते. ती पाहुण्याला दिसतच नाही. आणि शेजारीण, जी त्याच पाहुण्याला आपल्या घरून पण थोडं वाढते, तिचंही वाढणं कमी होतं. शेजारीण म्हणजे तुमचा मालक. पण एक लक्षात ठेवा हां. झाकलेली ताटली त्याच दिवशी खायची. उद्या उघडलीत तर खलास.”

अमेरिकन लोकांना खलास हा शब्द एवढा आवडला की ते आपसातही वापरायला लागले. आमच्याकडे बिस्किटांच्या एका कारखान्याचं मोठं काम होतं. तिथून फोन आला की रिसेप्शनिस्ट ओरडायची, “आपा, मिसेस खलाससाठी कॉल!”

डिसेंबर म्हणजे आपांचा सीझन. वर्ष संपत आलेलं, लोकांच्या खात्यात रक्कम पडून, आणि आपांना तर कुणाचं काही वाया गेलेलं बघवत नसे. यादी घेऊन त्या एकेकाला फोन लावायच्या. “चष्मा आहे? मग दुसरा घ्या. पहिला हरवला तर शोधायला लागेल ना!” एका बाईंनी विचारलं, कुत्र्याचे डोळे तपासले तर चालेल का. आपांनी नियम पाहिला, नाही म्हणून सांगितलं, आणि मग दहा मिनिटं कुत्र्याची चौकशी केली.

त्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवणारा एक आडदांड गृहस्थ होता. आवाजावरून तरी आडदांड. त्याच्या खात्यात बरीच रक्कम शिल्लक आणि तब्येत ठणठणीत. आपांनी दात विचारले, डोळे विचारले, कान विचारले. सगळं उत्तम. शेवटी म्हणाल्या, “पाठ दुखते का?”

“नाही.”

“दुखेल.”

पलीकडे एवढं हसू फुटलं की माझ्या हेडफोनपर्यंत आलं. त्याने पाठ शेकायचा हीटिंग पॅड घेतला, एक स्वतःला आणि एक बायकोला.

आता या बाईचं घर बघा. आपा शारजात राहायच्या, दुबईपेक्षा भाडं कमी म्हणून. मी बायकोमुलाला घेऊन पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्हाला बसायला जागा शोधावी लागली. भिंतीला लागून छतापर्यंत कार्टन. सोफ्यावर दुकानातलं प्लास्टिक तसंच. आम्हाला चहा मिळाला तो कुठल्याशा औषध कंपनीने फुकट वाटलेल्या मगांतून, त्यातल्या एकाचा कान तुटलेला. माझ्या मुलाने मोठ्याने विचारलं, “Baba, are they moving?”

“गावच्या घरासाठी आहे रे सगळं,” आपा म्हणाल्या. मग एकेका कार्टनवर हात ठेवून ओळख करून दिली. हा सोनेरी काठाचा डिनर सेट, लेकीच्या, नाझियाच्या, जन्माच्या वेळी घेतलेला. सहाशे दिरहम, म्हणजे तेव्हाचे सात-आठ हजार रुपये. ही ब्लँकेटं. हे झुंबर, गावच्या हॉलमध्ये लावायचं. गावचं घर दरवर्षी थोडं थोडं बांधून होत होतं, आणि त्याच्या कर्जात त्यांच्या मिस्टरांचा जवळजवळ सगळा पगार जात होता. ते अबू धाबीच्या पार टोकाला, रुवैसला, रिफायनरीत इलेक्ट्रिशियन. पंधरा दिवसांनी एकदा शारजाला यायचे, दोन दिवस झोपायचे आणि परत बसमध्ये बसायचे. नाझिया जन्मल्यापासून हे असंच चाललं होतं.

मला राहवलं नाही. मी तळहात झटकून म्हणालो, “आपा, वापरा, नाहीतर खलास!”

आपांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कानतुट्या मगातला चहा एका घोटात संपवला.

तर अशा त्या आपांवर एका नोव्हेंबरात संकट आलं. बिस्किट कारखान्याच्या मालकाने कळवलं की या योजनेत फारच थोडे कामगार आहेत. जेवढे कामगार ताटली झाकतील तेवढा त्याचाही कर वाचणार. थोड्याच लोकांनी झाकली तर आमची फी त्याच्या बचतीपेक्षा जास्त होते. तेव्हा पुढच्या वर्षासाठी अर्ध्याहून जास्त कामगारांनी नावं दिली तर ठीक, नाहीतर योजना बंद. आणि कारखाना गेला की आमची कोपऱ्यातली दोन्ही टेबलं जाणार, हे मॅनेजरसाहेबांनी स्वच्छ सांगितलं.

माझं निभावलं असतं, बायको शाळेत शिकवत होती. आपांचं अवघड होतं. त्यांच्या पगारात शारजाचं भाडं आणि नाझियाची ऊद मेथातल्या शाळेची फी निघायची. नाझिया बारावीला. बोर्डाचा फॉर्म गेलेला, म्हणजे मध्येच शाळा बदलता येणार नाही. पगार गेला की फ्लॅट जाणार, आणि पोरगी बारावीच्या वर्षात कुठे ठेवायची हा प्रश्न उभा राहणार. आपांनी दोन दिवस वेलचीसुद्धा कुणाला दिली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “मला सगळ्या कामगारांशी एकदम बोलू दे. तू स्लाइड बनव. यल्ला, चल लवकर.”

कारखान्याच्या जेवणाच्या खोलीत पडदा लावला. सकाळची पाळी सुरू व्हायच्या आधीची वेळ. आमच्याकडे सूर्यास्ताची, मगरीबची नमाज नुकतीच झालेली. आपा नवा निळा स्कार्फ लावून कॅमेऱ्यासमोर बसल्या. आमच्या पडद्यावर तुटक्या बिस्किटांची ताटं आणि अर्धवट जागी माणसं. आपांनी पाहुणा आणला, ताटली झाकली, शेजारीण आणली. माणसं जागी झाली. कोणीतरी मागून ओरडलं, “खलास!” आणि सगळ्यांनी तळहात झटकले. बघून झटकले, कारण त्या दिवशी त्यांना हात पहिल्यांदाच दिसत होते. मला तर वाटलं की आपण जिंकलो.

मग आमच्या फोर्कलिफ्टवाल्याने हात वर केला. होता आडदांडच. “मॅडम, मी वर्षाला दोन हजार बाजूला काढले, तर माझे वाचणार किती?”

उत्तर माझ्या स्लाइडवर होतं. साधारण सहाशे डॉलर. आपांनी स्लाइडकडे पाहिलं आणि त्यांची नजर छताकडे गेली. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकू लागला. तुम्ही इकडे राहिला असाल तर तुम्हाला इथेच घाम फुटला असेल. ही नजर आणि हा अंगठा आपल्या सगळ्यांचाच आहे. भाजीच्या दुकानात, सोनाराकडे, सलूनमध्ये, रक्कम कानावर पडली की आपण आधी दिरहम म्हणतो आणि मग रुपये करतो, आणि रुपये केल्याशिवाय ती रक्कम आपल्याला खरी वाटत नाही. सहाशे डॉलर, बावीसशे दिरहम, म्हणजे…

“फिफ्टी थाउजंड!” आपा आनंदाने ओरडल्या. “फिफ्टी थाउजंडच्या वर!”

मग कोणीतरी शिट्टी मारली. मी टेबलाखालून आपांना पाय मारला, तो कंप्युटरच्या वायरला लागला आणि आमचा पडदा काळा झाला. पुन्हा जोडेपर्यंत तिकडे भोंगा वाजून सगळे कामाला गेले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही येऊन पाहतो तो यादी भरभरून वाहत होती. जवळजवळ अख्ख्या कारखान्याने नावं दिली होती. मॅनेजरसाहेबांनी कुनाफा, म्हणजे इथली चीजची मिठाई, मागवला आणि स्वतः फिरून वाढला. आपा सगळ्यांना वेलची वाटत होत्या, पठाण ड्रायव्हरला तर दोनदा मिळाली. हे सगळं कशामुळे झालं ते फक्त मला ठाऊक होतं. मी कुनाफा संपेपर्यंत थांबलो, तेवढी माणुसकी माझ्यात आहे, आणि मग त्यांना रेकॉर्डिंग ऐकवलं.

आपांनी ते पुन्हा ऐकलं. “या अल्ला,” म्हणाल्या. “मी डॉलर नाही बोलले, रुपयेपण नाही बोलले. नुसतं फिफ्टी थाउजंड?”

“नुसतं.”

मॅनेजरसाहेब म्हणाले, “आपा, लीव्ह इट. कागदावर फिगर करेक्ट आहे. सही करणाऱ्याने कागद वाचायचा असतो.” त्यांचंही खोटं नव्हतं. मीही आपांना नाझियाची आठवण करून दिली. नावं देण्याची किंवा मागे घेण्याची मुदत त्याच आठवड्याच्या शुक्रवारपर्यंत होती. तोपर्यंत गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं.

“पोरीसाठीच तर सांगते,” आपा म्हणाल्या. “उद्या ती विचारेल, अम्मी, तुझी नोकरी कशी वाचली? मी काय सांगू? त्यांनी माझ्या बोलण्यावर ताटली झाकली रे. आत फिफ्टी थाउजंड नाहीत. उघडल्यावर शिव्या कोणाला देतील?” आणि हेडफोन लावला.

पुढचे चार दिवस आमच्या कोपऱ्यात जे चाललं होतं ते ऐकायला इन्शुरन्सवाले कामं सोडून यायचे.

“सर, मी बोलले ते फिफ्टी थाउजंड रुपये होते.”

“रुपये म्हणजे?”

“माझ्या गावचे पैसे.”

“पण मी तुमच्या गावी राहत नाही.”

“तीच तर माझी मिस्टेक झाली ना, सर!”

बहुतेकांना हसू आवरेना. पॅकिंगमधल्या एक आजीबाई म्हणाल्या, तो आकडा आमच्यात कोणी खरा धरलाच नव्हता, मी तर ताटलीसाठी नाव दिलं, माझी आईही अशीच झाकून ठेवायची. पण काहींनी धरला होता. काही चिडले. काहींनी फोन ठेवून दिला आणि नाव काढून घेतलं. यादी रोज थोडी थोडी खाली येत होती, आणि प्रत्येक नाव गेल्यावर आपा माझ्याकडे न बघता पुढचा नंबर लावत होत्या.

सगळ्यात जास्त भडकला तो फोर्कलिफ्टवाला. त्याने तर घरी जाऊन बायकोला बोट घेऊ असं सांगून टाकलं होतं. मासे पकडायला, मोटर लावलेली बोट. “तुम्ही मला बोट दाखवली!” तो ओरडत होता. “आता मी बायकोला काय सांगू?”

“सर, सहाशे डॉलर तर खरंच वाचतील.”

“सहाशेत बोट येते का?”

आपांनी मनापासून विचार केला. शेवटी खाडीकाठच्याच त्या. “बोट नाही येणार,” म्हणाल्या. “वल्ही येतील. चांगली.” त्याने नाव काढून घेतलं आणि फोन आपटला.

शुक्रवार उजाडला तेव्हा आम्ही बरोबर अर्ध्यावर होतो. मालकाला हवे होते अर्ध्याहून जास्त. म्हणजे एक नाव कमी. आता फोन करायला कोणी उरलं नव्हतं. मुदत तिकडच्या दुपारी संपायची. आपा पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शाळेत एक्स्ट्रा क्लासला थांबलेली नाझिया त्यांना न्यायला आली. “Ammi, what happened?” तिने विचारलं. “काही नाही बेटा, बस,” आपा म्हणाल्या. मला त्या दिवशी त्यांचा चेहरा बघवत नव्हता, म्हणून मी उगाच प्रिंटरमध्ये कागद भरत होतो.

फोन वाजला. रिसेप्शनिस्ट म्हणाली, “आपा, मिसेस खलाससाठी.”

फोर्कलिफ्टवाला होता. आवाज उतरलेला. बायकोला त्याने सगळं सांगितलं होतं, आणि ती म्हणे तासभर हसत होती. ती म्हणाली, चूक झाली ते स्वतः फोन करून सांगणारी बाई कुठे मिळते, जा, नाव दे परत. “पण एक विचारायचंय,” तो म्हणाला. “वल्ही या खात्यातून घेता येतात का?”

“नाही,” आपा म्हणाल्या. नियम तो नियम. “पण सर, वल्हवून पाठ दुखेल. त्याचं बिल चालेल.”

त्याचं नाव यादीत चढलं तेव्हा आपांनी नाझियाला उचलायचा प्रयत्न केला. ती त्यांच्यापेक्षा उंच. दोघी माझ्या खुर्चीवर कोसळल्या, खुर्चीचं चाक निघालं, आणि मॅनेजरसाहेब केबिनच्या दारात उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला सांगायला लाज नाही वाटत, मी रडलो. इन्शुरन्सवाल्यांपैकी निम्मे का हसताहेत आणि निम्मे का रडताहेत हे बाहेरून आलेल्या कुरिअरवाल्याला कळेना.

नाझियाचे अब्बा आले तेव्हा त्या शनिवारी आपांनी आम्हाला जेवायला बोलावलं. दार उघडलं आणि आम्ही थक्क झालो. सोफ्यावरचं प्लास्टिक गायब होतं. चटईवर सोनेरी काठाच्या प्लेटा मांडल्या होत्या. कोलिमाची, म्हणजे बारीक जवळ्याची चटणी, सुरमईचं कालवण आणि सांदण. माझ्या बायकोने प्लेट उलटी करून नक्षी पाहिली आणि पाहतच राहिली.

“उघडलं सगळं,” आपा म्हणाल्या. “लोकांना वर्षभर शिकवते आणि माझ्या घरात अठरा वर्षांची ताटली झाकलेली.”

पण सगळं काही वापरण्याजोगं उरलं नव्हतं. ब्लँकेटांना घडीवर भोकं पडली होती. नाझियाचे अब्बा स्टुलावर चढून झुंबर लावत होते. रिफायनरीतला इलेक्ट्रिशियन, त्यांना काय अवघड. त्यांनी सगळ्या वायरी जोडल्या, बटण दाबलं, काहीच लागलं नाही. खोक्यात राहून राहून वायरींवरचं आवरण कडक झालं होतं. हात लावला की तुकडे पडत होते.

“गेलं हे,” ते खालमानेने म्हणाले.

आपा खालून वर बघत होत्या. आम्हाला वाटलं झुंबराकडे बघताहेत. मग माझ्या लक्षात आलं की त्या नवऱ्याच्या केसांकडे बघत होत्या. पांढरे झाले होते सगळे. बस, झोप, परत बस, यात ते कधी झाले हे बहुधा त्यांनाही कळलं नव्हतं.

“झुंबर राहू दे,” आपा म्हणाल्या. “तुमचंपण कार्टन उघडायला पाहिजे.”

आम्ही सगळे हसलो. तेही स्टुलावर उभे राहून हसले. आपा मात्र गंभीर होत्या.

नाझियाची बारावी चांगली झाली आणि ती पुण्याला कॉलेजला गेली. त्याच आठवड्यात आपांनी राजीनामा दिला. मॅनेजरसाहेब माझ्याकडे आले, “अरे, एवढी धडपड करून नोकरी वाचवली आणि आता सोडतात?” आम्ही दोघं विचारायला गेलो.

“वाचवली ती पोरीसाठी,” आपा म्हणाल्या. “तिचं झालं. रुवैसला आता फॅमिली क्वार्टर मिळतंय, समुद्र चालत जाण्यासारखा आहे म्हणतात. गावचं घर थोडं उशिरा होईल. ह्यांची पाच वर्षं उरलीत नोकरीची. ती पण झाकून ठेवू?” आणि तळहात झटकले.

जाताना त्यांनी मला तो कान तुटलेला मग दिला. डिनर सेट टेंपोत स्वतःच्या मांडीवर घेऊन गेल्या, असं पठाण ड्रायव्हर सांगत होता. आता अधूनमधून फोटो येतो. रुवैसच्या किनाऱ्यावर चटई, सोनेरी काठाची प्लेट, आणि तिच्यासमोर मांडी घालून बसलेले नाझियाचे अब्बा. मागच्या फोटोत प्लेटचा एक टवका उडालेला दिसला. मी तसं कळवलं तर उत्तर आलं, “वापरली ना!”

परवा डिसेंबरच्या शेवटी फोन वाजला. रिसेप्शनिस्ट सवयीने म्हणाली, “मिसेस खलाससाठी.” मीच घेतला. फोर्कलिफ्टवाला होता.

“त्या नाहीत,” मी म्हणालो. “आता इथे नसतात.”

“म्हणजे… गेल्या?” त्याने विचारलं. मी घाईघाईने सांगितलं, तसं नाही, छान आहेत, नवऱ्याकडे राहायला गेल्या, समुद्राकाठी. त्याने सुटकेचा श्वास सोडला. मग म्हणाला, त्याच्या खात्यात थोडी रक्कम उरली आहे, काय घेता येईल. मी यादी उघडली आणि वाचायला लागलो. थर्मामीटर, बँडेज, चष्म्याची काच.

“असं नको,” तो म्हणाला. “त्या विचारायच्या तसं विचारा.”

मी शेजारच्या रिकाम्या टेबलाकडे पाहिलं.

“पाठ दुखते का?”

“नाही.”

“दुखेल,” मी म्हणालो, आणि माझेही हात आपोआप झटकले गेले. तो तिकडे हसत सुटला, बराच वेळ हसत होता. मी तेवढ्यात आपांच्या कानतुट्या मगातला चहा एका घोटात संपवला.